रिपासिंगला गाडी नेमकी कुठं अडकते? दुचाकीची तपासणी आणि नेहमीचे दोष (एमएच ०९, कोल्हापूर)

उद्यमनगरी (धागाकर्ता)

२००९ ते २०११ च्या दरम्यान घेतलेल्या गाड्या आता लाईन लावून रिपासिंगला, म्हणजे आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणाला, येतायत. गॅरेजला, चहाच्या टपरीवर, सगळीकडं एकच प्रश्न, ‘साहेब काय काय बघतात?’ म्हणून धागा काढतोय. माहिती असणाऱ्यांनी भर घालावी. कोण किती पैसे घेतो, कुणाची ओळख आहे असले विषय नकोत.

खासगी दुचाकीला आपल्याकडं दरवर्षी तपासणी नाही. नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर गाडी दाखवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. रिक्षा-टेम्पोला पहिली ८ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस लागतं, म्हणून रिक्षावाल्याला त्याच्या गाडीतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. ब्रिटनमध्ये मोटारसायकलला ३ वर्षं झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची. तिथं नापास होण्याचं सगळ्यात मोठं कारण दिवे आणि इंडिकेटर. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, हँडल हे त्याखाली. इंजिन उघडून कोण बघत नाही. 

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ‘गाडी भरवशाची’ म्हणतो ते इंजिनाकडं बघून. इंजिन एक लाख किलोमीटर जातंय, आणि त्याच गाडीचा कोनसेट (हँडलच्या नळीतलं बेअरिंग), मागचा ब्रेक लाईट, ब्रेक पट्टीची कॉटर पिन (नट गळू नये म्हणून घालतात ती) यांना दहा वर्षं कुणी हात लावलेला नसतो. तपासणीत गाडी अडकते ती इथं, आणि रस्त्यावर माणूस पडतो तोही याच वस्तूंमुळं. तेव्हा १५ वर्षं वाट न बघता दरवर्षी पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी एकदा सगळं तपासावं. खंडेनवमीला गाडी नाहीतरी धुणारच असता.

---

कागल_नाका

आधी कागदाचं सांगतो, कारण अर्ध्या गाड्या मैदानात पोचायच्या आधीच परत फिरतात.

नमुना २५ चा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचा. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून भरता येतो. मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी लागते. चलन थकलेलं असेल तर आधी भरून टाका. कर्जावर घेतलेली गाडी असेल आणि हप्ते कधीच फिटले असले, तरी आरसीवरचा बोजा उतरवलेला नसतो. त्याला बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. हे काम पासिंगच्या आदल्या दिवशी होत नाही. पतसंस्थेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज असेल आणि ती संस्थाच बंद पडली असेल तर आणखी वेळ जातो, त्यामुळं आरसी आजच काढून मागची बाजू वाचा.

एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट पाहिजेच. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती वेगळी बसवून घ्यावी लागते, दुचाकीला जीएसटीसह ५३१ रुपये. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून १,००० झाली. २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या दुचाकीला २,००० केली. पर्यावरण कर वेगळा. पोर्टलवर जी रक्कम येते तीच धरा.

---

आठवी_गल्ली

वडिलांची २०१० ची स्प्लेंडर प्लस आहे. रोज चालू आहे, इंजिनला काही आवाज नाही. पासिंगला न्यायच्या आधी नेमकं काय बघू? गॅरेजवाले काका म्हणाले ‘सर्व्हिसिंग केली की झालं.’

---

उद्यमनगरी

@आठवी_गल्ली ताई, सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल बदलणं, फिल्टर झाडणं आणि धुणं. त्यानं पासिंग होत नाही. क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट चॅसी नंबर. इन्स्पेक्टर त्याची पेन्सिलनं छाप घेतात आणि आरसीशी ताडून बघतात. नंबर हँडलच्या नळीवर असतो, तिथं वायरिंग आणि केबल घासून गंज धरतो, नाहीतर कुणीतरी फ्रेम रंगवताना त्यावर दोन हात मारलेले असतात. तो साफ करायला पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. अक्षरं उथळ असतात, घासली की गेली. मग नंबर पुन्हा ठोकायची परवानगी घेत बसावं लागतं. रंग असेल तर पेंट रिमूव्हर लावून दहा मिनिटं थांबा, गंज असेल तर रॉकेल लावून रात्रभर ठेवा, आणि पितळी तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं पुसा. घरीच कागद ठेवून पेन्सिल फिरवून बघा. सगळे आकडे वाचता आले तर वरून थोडं ग्रीस लावून ठेवा आणि जायच्या दिवशी पुसा. इंजिन नंबरही तसाच, तिथं ऑइल आणि माती साचलेली असते.

मग दिवे. चावी देऊन हे करा: पुढचा ब्रेक एकट्यानं दाबला की मागचा लाईट लागला पाहिजे, आणि पायाचा ब्रेक एकट्यानं दाबला तरी लागला पाहिजे. बहुतेक जुन्या गाड्यांत दोनपैकी एक बंद असतो आणि मालकाला पत्ता नसतो. पुढचा स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो, त्यात पाणी जाऊन पत्ती काळी पडते. मागच्याची स्प्रिंग तुटते किंवा ढिली होते. मागचा ब्रेक आवळला की स्विचची सेटिंगही बदलते, म्हणून ब्रेक आवळल्यावर हा लाईट परत बघायचा.

इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा मिचकावला पाहिजे. एका बाजूचा जास्त पळतोय म्हणजे त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा अर्थिंग नाही. बल्ब बदलून उपयोग नाही झाला तर इंडिकेटरच्या बुडातला नट काढा, फ्रेमला टेकतो तिथला गंज खरडा. दहातले सात दोष अर्थिंगचे असतात आणि त्यासाठी लोक पूर्ण वायरिंग बदलून घेतात!

---

पन्हाळा_रोड

हेडलाईटची उंचीही बघा. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागेत उभी करा, स्टँडवर नाही, वर माणूस बसलेला पाहिजे. डिपरच्या (खालच्या) प्रकाशाचा वरचा काठ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली पडला पाहिजे. मागचे शॉकअप बसलेले असतील तर पुढचा लाईट आपोआप वर जातो, मग समोरचा शिव्या देतो आणि आपल्याला वाटतं त्याचाच लाईट वाईट आहे.

---

दूधसंघ_बिद्री_रूट

गावाकडच्या गाड्यांचा विषय वेगळा आहे, तो कुणी बोलणार नाही म्हणून मी लिहितो. सकाळी दूध घालायला निघालेली गाडी बघा. दोन्ही बाजूंना ४० लिटरचे कॅन. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, म्हणजे दोन कॅनमध्ये ८२ किलोच्या वर नुसतं दूध, कॅनचं आणि लोखंडी स्टँडचं वजन वेगळं, त्यावर माणूस. १०० सीसी गाडीची क्षमता माणसासकट १३० किलोच्या आसपास असते. रोज त्याच्या वर ओझं, तेही मागच्या चाकाच्या मागं लोंबकळणारं.

अशा गाडीत दोष कुठं येतात ते ठरलेलं आहे:

चिमट्याचे (मागचं चाक धरणारी दोन दांड्यांची फ्रेम) बुश आधी जातात. मेन स्टँडवर गाडी लावून मागचं चाक दोन्ही हातांनी धरा, आडवं डावी-उजवीकडं ढकला. चिमट्याच्या बोल्टपाशी ‘कट्’ असं होत असेल तर बुश गेले. नुसतं चाकच हलत असेल आणि चिमटा स्थिर असेल तर बेअरिंग. दोन्हींत गल्लत करून लोक बेअरिंग बदलतात आणि गाडी तरीही मागून डुलते.

मग हबचे रबर. गिअर टाकताना, सोडताना मागून धक्का बसतो ते हेच. रबर चार-सहा तुकड्यांचा सेट असतो, स्वस्त असतो, पण तो गेला की चेन आणि स्पॉकेट दोन्ही लवकर खातो.

मग स्पोक. एकेक स्पोकवर पान्यानं हलकं टिचकून बघा. ताणलेला ‘टिंग’ वाजतो, ढिला ‘टक’. ढिला सापडला तर तो एकटाच आवळू नका, रिम आउट होते. स्टँडवर लावून चाक फिरवून सगळे थोडे थोडे.

आणि कॅनचा स्टँड ज्या नटांवर बसवलाय ते बहुधा शॉकअपचे वरचे नट असतात. स्टँड काढल्यावर तिथं लांब बोल्ट तसाच राहतो, वॉशर मूळचे नसतात. शिवाय बऱ्याच गाड्यांचं साडीगार्ड आणि मागचं फुटरेस्ट स्टँडसाठी कापून टाकलेलं असतं. मागच्या माणसाला हातधरणी, फुटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं गार्ड हे नियम १२३ नुसार लागतंच. पासिंगला अडणार म्हणजे अडणार.

---

गंगावेस_०९

लई भारी लिहिलंय भावा. मी फक्त ब्रेकचं सांगतो, कारण ड्रम ब्रेकमध्ये लोक एक खेळ करतात तो धोक्याचा आहे.

ब्रेक आर्मवर एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या प्लेटवर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि बघायचं. बाण खुणेला भिडला म्हणजे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) संपले. अस्तर २ मिलिमीटरच्या खाली गेलं की बदलायचंच. आता होतं काय, शू झिजले की मागचा नट पूर्ण आवळूनही ब्रेक लागत नाही. मग आर्म काढून कॅमच्या (शू फाकवणाऱ्या दांड्याच्या) दात्यांवर एक दाता मागं बसवतात. ब्रेक परत टणक लागतो, मालक खूश. पण आता कॅम त्याच्या हद्दीबाहेर फिरतोय. शू आणखी झिजले की कॅम आडवा होऊन अडकतो, परत येत नाही, आणि चाक जाम. पन्हाळ्याच्या उतारावर किंवा करूळ घाटात हे झालं तर काय होईल ते तुमचं तुम्हीच बघा. जुनी गाडी विकत घेताना मेकॅनिकला सांगा, आर्मवरची पंच खूण कॅमच्या खुणेशी जुळते का दाखव. जुळत नसेल तर कुणीतरी हा खेळ करून ठेवलाय.

शू नवीन घालूनही ब्रेक लागत नसेल तर ड्रम मोजा. १३० मिलिमीटरचा ड्रम १३१ झाला की संपला, ११० चा १११ ला. व्हर्नियर कॅलिपर कुठल्याही लेथवाल्याकडं असतो. आतल्या काठाला नख अडकेल एवढी कड उठलेली असेल तर न मोजताही कळतं. ड्रम टर्न करून देणारे भेटतात, पण टर्न केल्यावर व्यास वाढतोच, त्यामुळं मर्यादेच्या आत राहत असेल तरच.

घाटात सारखा पायाचाच ब्रेक धरून उतरणाऱ्यांचे शू काचेसारखे चकचकीत होतात. त्यावर जाड पॉलिश पेपर फिरवून चमक काढा, ड्रममधली धूळ ओल्या फडक्यानं पुसा, हवा मारून उडवू नका. कॅमच्या दांड्याला ग्रीस शेंगदाण्याएवढंच. जास्त झालं तर गरम होऊन शूवर येतं.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची, मागची ब्रेक पट्टी. ड्रमच्या प्लेटपासून चिमट्यापर्यंत जाणारी. तिच्या नटाला कॉटर पिन असते. पंक्चर काढताना पिन तुटते आणि त्या जागी वायरचा तुकडा घालतात, किंवा काहीच नाही. नट गळाला तर ब्रेक दाबताच अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड वाकतो, चाक लॉक. पाच रुपयांची पिन आहे. प्रत्येक पंक्चरनंतर खाली वाकून बघायची.

---

आठवी_गल्ली

आत्ताच बघितलं. पिनच्या जागी तांब्याची वायर आहे. 😐

---

गंगावेस_०९

बघा की! आजच बदला. पिन घालून दोन्ही पाय उलट दिशेला वाकवायचे, एक पाय नटावर, एक बोल्टवर.

---

शिरोली_फाउंड्री

कोनसेटवर कुणी बोललं नाही अजून.

मेन स्टँडवर गाडी लावा, मागं एकानं दाबून पुढचं चाक उचलून धरा. हँडल एका बोटानं हळू डावीकडून उजवीकडं न्या. बरोबर सरळ रेषेत आल्यावर जरा अडखळल्यासारखं, खाचेत बसल्यासारखं वाटलं तर वाट्यांना खड्डे पडलेत. गाडीचा बहुतेक प्रवास सरळच असतो, सगळे दणके त्याच जागी बसतात, म्हणून खड्डे तिथंच पडतात. मग शॉकअपचे खालचे टोक धरून पुढं-मागं ढकला. ‘कडक’ असं हललं तर ढिला आहे.

ढिला असेल तर आवळून चालतं. खाचा पडल्या असतील तर आवळून काही होत नाही. उलट हँडल जड होतं आणि गाडी लाटेसारखी डुलत जाते. दोन्ही वाट्या, कोन आणि बॉल सगळा सेटच बदलायचा. नवीन बॉल जुन्या वाटीत घालणारे महाभाग आहेत. बॉल भरताना एका बॉलपेक्षा कमी जागा मोकळी राहायला पाहिजे, तेवढी राहतेच, जबरदस्तीनं आणखी एक कोंबू नका. नट आधी पूर्ण आवळून हँडल चार-पाच वेळा दोन्हीकडं पूर्ण फिरवा म्हणजे बॉल बसतात, मग नट थोडा मागं घ्या. हँडल आपल्या वजनानं बाजूला पडलं पाहिजे आणि खालून हलता कामा नये. दीड-दोनशे किलोमीटरनंतर एकदा परत बघायचं.

चाकाच्या बेअरिंगचा नंबर जुन्या बेअरिंगवर कोरलेला असतो, तोच आणा, पण शेवटी ‘२आरएस’ असलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. आपल्याकडं ऊस हंगामात रस्त्यावर चिखल आणि पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीकडं लाल माती, उघडं बेअरिंग दोन पावसाळे काढत नाही.

पुढच्या शॉकअपच्या सीलचंही तसंच. पाइपवर गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील महिनाभरात फाटतं. बोटाचं नख फिरवून बघा. नख अडकलं की पाइप बदला किंवा उद्यमनगरात हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या. तेल दोन्ही नळ्यांत सारखंच आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच, मापानं. अंदाजानं ओतलं तर एक बाजू ताठ, एक मऊ.

---

लक्ष्मीपुरी_स्पेअर्स

टायरबद्दल दोन ओळी. नक्षी झिजून गेली की टायर बाद. पण कमी चालणाऱ्या गाडीचा टायर नक्षी असूनही बाद असतो. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. भेगा पडलेल्या, वय झालेल्या टायरला ‘नवीनच आहे’ म्हणून कुणी घालत असेल तर आकडे वाचा. स्प्लेंडरला २.७५-१८ येतो, त्याजागी जाड घातला की चेनकव्हरला घासतोय का, चाक दोन्ही बाजूंना फिरवून बघा.

---

पंचगंगा_घाट

पीयूसीला माझी गाडी नेहमी अडते असं म्हणणाऱ्यांसाठी. २००० नंतरच्या जुन्या फोर स्ट्रोक दुचाकीला मर्यादा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) ४,५०० पीपीएम. बीएस-६ ला याहून बरीच कडक. मशीनवर दोन आकडे येतात ते वेगळं सांगतात.

सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. बघायचं काय? चोक पूर्ण खाली आहे का, एअर फिल्टर तुंबलाय का, कार्ब्युरेटरची फ्लोट पिन झिजून लेव्हल वर गेलीय का. एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय: प्लग, हाय टेन्शन वायर, टॅपेट (वॉल्व्हची फट) जास्त टाईट असल्यानं वॉल्व्ह पूर्ण न बसणं, किंवा ऑइल जळणं. टॅपेट वाजत नाहीत म्हणून खूश होऊ नका. वाजणारा टॅपेट इंजिन खात नाही, टाईट टॅपेट वॉल्व्ह जाळतो.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठं आहे ते बघा. इंजिनच्या बाजूला असेल तर आत घेतला की मिश्रण पातळ होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की उलट जाड होतं. पाव-पाव फेरीच फिरवा, आणि इंजिन दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावरच. आयडल १,४०० च्या आसपास.

निळा धूर: रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना एकदाच येतो आणि थांबतो, तर वॉल्व्ह सील. चढावर ओढताना सतत येतो, तर पिस्टनची रिंग किंवा सिलिंडरचा बोअर. पहिल्या दोषासाठी बोअर करून घेऊ नका.

---

बुलेटराजा_कोल्हापूर

सायलेन्सर बदललाय, आवाज थोडा जास्त आहे, बाकी गाडी कडक. त्यावरून अडवत्यात का खरंच?

---

उद्यमनगरी

अडवतात, आणि बरोबर करतात. कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. कंपनीला गाडी बनवताना आवाजाची मर्यादा असते, ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ पर्यंत ७७ आणि त्यापुढं ८०. फटाका सायलेन्सरात आतली जाळीच नसते, तो या आकड्यांच्या जवळपासही नसतो. मूळ सायलेन्सर पोटमाळ्यावर असेल तर काढा. बसवताना जॉइंटचं गॅस्केट नवीन घाला, हवा ओढली तर पीयूसीचं रीडिंगही चुकतं.

हॉर्नही बघ मर्दा, सूर काढणारा असेल तर तोही काढावा लागेल.

---

बुलेटराजा_कोल्हापूर

हॉर्न साधाच आहे ओ. हेडलाईट एलईडी केलाय.

---

पन्हाळा_रोड

हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत एलईडी बल्ब घातला की प्रकाश चुकीच्या जागेवरून निघतो, डिपरचा काठच राहत नाही. भिंतीवर बघ, पसरलेला पांढरा डाग दिसेल. आणि हॅलोजनच पण जादा वॉटचा घालणाऱ्यांसाठी: ३५/३५ च्या जागी ६०/५५ घातला की बल्बच्या मागचा कपलर वितळतो. काढून बघा, तपकिरी झालेला असतो.

बल्ब वारंवार उडत असतील तर बॅटरीवर मीटर लावा, इंजिन थोडं वाढवून १३.५ ते १४.५ व्होल्ट पाहिजे. १५ च्या वर जातंय तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेलाय.

---

आठवी_गल्ली

मैत्रिणीची २०१९ ची गाडी आहे, १२५ सीसी. तिला पण हेच सगळं का?

---

शिरोली_फाउंड्री

तिला पासिंग २०३४ ला, पण दोष आत्ताच येतात. १२५ पर्यंतच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो ते) सक्तीचं आहे, त्यापुढं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारं). सीबीएस असेल तर मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून धरा, फक्त पायाचा ब्रेक दाबा आणि पुढचं चाक फिरवायचा प्रयत्न करा. सहज फिरलं तर जोडणारी केबल गंजून अडकलीय. हे तपासायला कुणी जात नाही, कारण गाडी मागच्या ब्रेकवर थांबतच असते.

एबीएसवाल्यांनी चावी दिल्यावर लाईट लागतो का ते बघावं. लागून गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब काढून ठेवलाय असं समजा. चिखल आणि लोखंडी भुगा सेन्सरवर चिकटून लाईट येतो, आधी साफ करा, मग पार्ट बदला. डिस्कचं ऑइल डब्यावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, दर २ वर्षांनी. ते हवेतलं पाणी ओढतं, आपल्या पावसात जास्तच. अर्धा उघडा डबा वर्षभर ठेवून वापरू नका.

---

पंचगंगा_घाट

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र मुद्दा, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या. रंगरंगोटी करून अजूनही फिरतायत. चालू आहे म्हणजे चांगली आहे असं नाही. हेडलाईटची खोळ दोन स्क्रू काढून उघडा, वायरच्या जुडग्यात बारीक करडा गाळ दिसतो, तो पाण्यानं धुतला तरी पूर्ण जात नाही. मीटरच्या काचेच्या आतल्या कडेला रेष. बॅटरीच्या पेटीच्या तळाला, सीटखालच्या फोममध्ये, टूलकिटच्या कप्प्यात. मागचा ड्रम उघडला तर स्प्रिंगा एकसारख्या तपकिरी. अशा गाडीत पुढच्या एक-दोन वर्षांत बेअरिंग, कोनसेट, चिमट्याचा बोल्ट आणि कपलर या क्रमानं त्रास देतात. चिमट्याचा बोल्ट बुशमध्ये इतका धरतो की कापून काढावा लागतो.

यंदा पाणी आलं आणि गाडी बुडाली तर किक मारू नका, बटण तर नाहीच. बॅटरीची वायर काढा. प्लग काढून हळू किक मारून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा. पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटरचं भांडं रिकामं करा, फिल्टर बदला. ऑइल सोडा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. स्वस्तातलं ऑइल भरून पाच मिनिटं चालवा, सोडा, परत तेच. रंग स्वच्छ येईपर्यंत. मगच कंपनीचं सांगितलेलं ऑइल. दोन्ही ड्रम त्याच दिवशी उघडून सुकवायचे, नाहीतर शू ड्रमला चिकटून बसतात.

---

लक्ष्मीपुरी_स्पेअर्स

पेट्रोलच्या पाइपचं जोडून टाकतो. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय. २०१० च्या आधीच्या गाड्यांचा पाइप, फ्लोट भांड्याची रबर रिंग कडक होऊन चिरतात. पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर भांड्याचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका, जेट तुंबत नाही.

---

आठवी_गल्ली

पिन बदलली, मागचा ब्रेक लाईट लागत नव्हता तो अर्थिंगचाच निघाला. चेन किती ढिली ठेवायची ते राहिलं. आणि चेन बदलायची वेळ आली कसं कळतं?

---

गंगावेस_०९

स्प्लेंडरला २० ते ३० मिलिमीटर खेळ, चेनच्या मधोमध खालून बोटानं उचलून मोजायचा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडं सारखी ताणत नाही. जिथं सगळ्यात कमी ढिली आहे ती जागा धरून सेटिंग करायची, नाहीतर त्या जागी तट्ट ताणून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसते.

मागच्या स्पॉकेटवर चेन अगदी मागच्या बाजूला धरून बाहेर ओढा. अर्ध्यापेक्षा जास्त दाता उघडा दिसला तर संपली. चेन आणि दोन्ही स्पॉकेट एकत्रच बदलायचे. नवीन चेन जुन्या दात्यांवर घातली तर काही हजार किलोमीटरात तीही ताणते. लॉकची पत्ती लावताना बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला.

चिमट्यावरच्या रेघांवर फार भरवसा ठेवू नका, १५ वर्षांच्या गाडीत दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे राहिलेले नसतात. चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत सुतळी धरा, दोन्ही बाजूंना तीच लांबी आली पाहिजे. मग एक्सल आवळा, ब्रेक पट्टीचा नट बघा, आणि ब्रेक लाईट परत एकदा.